पालथ्या वाडग्याखालचा काप

केक करायला फार अक्कल लागत नाही. खजूर चिरून बेदाण्यांबरोबर कोऱ्या गरम चहात तासभर भिजवायचा, त्यात चिमूटभर सोडा. लोणी आणि साखर फेसायची, मैदा चाळायचा, अंड्याऐवजी आंबट दही, शेवटी काजूचे तुकडे आणि अक्रोड. लांबट साच्यात घालून पाऊण तास भाजायचं. वर क्रीम नाही, चेरी नाही. मी हे सासरी येऊन शिकले आणि दुसऱ्या खेपेला मला ते जमलं.

घर बसवनगुडीतलं. आमची मंडळी कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलेली. घरात मराठी, फाटकाबाहेर कन्नड. सकाळी कॉफी, दुपारी मात्र चहाच, आणि शनिवारी चहाबरोबर केक. ओव्हन गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला वाटीएवढी काच. नव्वदच्या दशकात आमच्या भागात दुपारची वीज जायची आणि ती नेमकी केक अर्धा फुगलेला असताना जायची. अशा वेळी झाकण उघडायचं नाही. "आत तो आपला आपण शिजतो. तू डोकावलीस की बसतो," असं सासूबाई म्हणत.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, त्यांचे मुलगेसुद्धा. मुलगे दोन. धाकट्याशी माझं लग्न झालं. थोरल्याला मी कधी पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी, एका शनिवारी, मित्राला गाडीत बसवून येतो म्हणून तो यशवंतपूरला गेला. अक्का तेव्हा केक भाजत होत्या. "चारला येतो, चहा ठेव," म्हणाला. गाडी सुटली तेव्हा मित्राला तो खिडकीतून फलाटावर उभा दिसत होता. तिथपर्यंत सगळं माहीत आहे. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. पोलिसात वर्दी दिली, इस्पितळं पाहिली, मठ पाहिले. चोवीस वर्षांचा मुलगा. घरात भांडण नव्हतं, मागे चिठ्ठी नव्हती.

हॉलमध्ये सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी त्याचा फोटो होता, बिनहाराचा. नवा पाहुणा दोन्हींकडे बघे आणि विचारायचं ते गिळून टाके.

दर शनिवारी तीनच्या सुमारास केक ओव्हनमधून निघे. गरम केक कापू नये, भुगा होतो, पण अक्का थांबत नसत. टोकाचा काप काढायच्या, कारण त्याला कडेचा आवडे. तो स्टीलच्या ताटलीत ठेवून वर वाडगा पालथा घालायच्या आणि ताटली खिडकीकडच्या खुर्चीसमोर ठेवायच्या. मग चारपर्यंत आडव्या होत. चारला उठून वाडगा उचलून बघत. काप तसाच असे. दुसऱ्या दिवशी तो चुरून चिमण्यांना.

मी सकाळच्या शाळेत गणित शिकवत होते. मला या प्रकाराचा ना राग होता ना कौतुक. देवाला नैवेद्य दाखवतातच, तसा एक काप. पाच वर्षं मी तो काप बघितला आणि त्याला हात लावला नाही.

मग एका शनिवारी शाळेत पालकांची सभा लांबली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. घरी आले तर अक्कांनी केक स्वतःच करून ठेवलेला, आणि त्या झोपलेल्या. उरलेला केक डब्यात घालून त्यांनी कपाटात ठेवला होता. टेबलावर फक्त वाडगा. मी उभ्या उभ्या तो काप खाल्ला, वाडगा परत पालथा घातला आणि चहाचं आधण ठेवलं. दुसरा काप कापून ठेवावा हे मला सुचलं तेव्हा अक्का माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाडगा उचलला. बराच वेळ हातात धरला.

"आला होता," त्या म्हणाल्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दिराच्या ताटलीतलं खाल्लं हे सांगायची लाज वाटली, इतकंच. पुढच्या शनिवारी मी कापाला हात लावला नाही. अक्कांनी वाडगा उचलला, काप पाहिला आणि चहा न पिताच उठल्या. रात्री जेवल्याही नाहीत. तिसऱ्या शनिवारी मी काप खाल्ला. चौथ्या शनिवारीही.

सुरुवातीला मी तो स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खात असे, घाईत. मग भुगा सांडू नये म्हणून त्या खुर्चीत बसून खाऊ लागले. त्या खुर्चीतून फाटक सरळ दिसतं हे तिथे बसेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. चार वाजत आले की फाटकाची कडी वाजे. कधी पोस्टमन, कधी शेजारच्यांचं मांजर, कधी वारा. बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडे. ज्या वेळी सापडलं नाही त्या वेळा मी कुणाला सांगितल्या नाहीत. हॉलमधून जाताना मी पदर सारखा करू लागले. फोटोतल्या माणसासमोर पदर कशाला सारखा करायचा, असं मी स्वतःला विचारलं आणि तरी करत राहिले.

असं वर्ष गेलं. मग अण्णा येऊ लागले. अण्णा म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. के. आर. पुरमहून दोन बस बदलून येत आणि आल्या आल्या चपला काढायच्या आधीच मुद्द्यावर येत.

"वहिनी, आषाढात बारा वर्षं पुरी होतात. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची, शास्त्रच आहे तसं. भटजींशी बोललोय मी. श्रीरंगपट्टणला, कावेरीवर."

"चहा निवतोय अण्णा."

"निवू दे. त्याला गती नको का मिळायला?"

"केक घ्या. आज अक्रोड फार पडलेत. आमच्या मास्तरीणबाईंचा हात सैल."

"वहिनी, मी काय म्हणतोय!"

अक्कांनी टेबलाच्या टोकाचा वाडगा उचलला. ताटली रिकामी. "दर शनिवारी येऊन खाऊन जातो, त्याची क्रिया करता? करा. पण पुढच्या शनिवारी तो आला की तुम्हीच सांगा त्याला, बाबा रे, तू मेलास."

दुसऱ्या कापाकडे गेलेला हात अण्णांनी मागे घेतला. त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून गेले.

नवरा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. आवाज खाली करून म्हणाला, "तू खातेस ना तो?"

"मग कोण खाणार?"

"सांग मग तिला."

"आई तुमची आहे. तुम्ही सांगा."

"मला नाही जमणार." त्यांनी नळ उघडला, बंद केला. "पण मला हे एकदा संपवायचंय. बस यशवंतपूरवरून जाते तेव्हा मी डोळे मिटून बसतो, माहीत आहे तुला?"

माहीत नव्हतं. सहा वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं.

गणित चुकलं की पाटी पुसून पुन्हा मांडायचं, एवढंच मला येतं. पुढच्या शनिवारी खजूर चिरता चिरता मी सांगून टाकलं.

"अक्का, तो काप मी खाते. वर्ष झालं. पहिल्यांदा भूक लागली म्हणून, नंतर तुम्ही जेवेनात म्हणून."

अक्का बेदाण्यांची देठं काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. वाडगा उचलला तेव्हा स्वल्प वेळ वाटलं खरं, की आला. मग ताटली बघितली. पुसल्यासारखी साफ. माझ्या मुलाने जन्मात बेदाणा खाल्ला नाही. एकेक काढून ताटलीच्या काठावर ओळीने लावायचा. मी ओरडले की म्हणायचा, गप अक्का, शाळेची प्रार्थना चाललीय."

"मग त्या दिवशी 'आला होता' कशाला म्हणालात?"

"तू समोर उभी, ओठाला भुगा. काय म्हणू? चोरटी म्हणू?" त्यांनी एक देठ बाजूला टाकलं. "आणि पुढे अण्णा क्रियेचं घेऊन बसले. रिकामी ताटली मला कामाला आली. तू न सांगता खात होतीस तोवर मला त्यांना नाही म्हणता येत होतं."

"आणि आता?"

"आता तू सांगितलंस."

बेदाण्यांची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. हात पदराला पुसले. "धाकट्याला म्हणावं, अण्णांना कळव. करा म्हणावं काय ते. सरी, ठीक आहे."

मी मैदा चाळला, लोणी फेसलं. हात नेहमीसारखे चालत होते. पण मला सारखं वाटत होतं की बारा वर्षं नुसता बाहेर गेलेला माणूस माझ्या एका वाक्याने मेला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर निदान ते माझ्या हातून झालं नसतं. त्या शनिवारी वीज गेली नाही आणि तरी केक मधोमध बसला.

आषाढात अण्णा, नवरा आणि भटजी श्रीरंगपट्टणला गेले. आम्ही दोघी घरीच होतो. काय काय केलं ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा नवऱ्याचं डोकं भादरलेलं होतं आणि डोळे कोरडे होते. अक्कांनी फोटोला हार घालू दिला. स्वतः पुढे झाल्या नाहीत, पण स्टूल त्यांनीच धरलं.

सुतक फिटल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी अक्का म्हणाल्या, "केक करणार ना?"

"करायचा?"

"मग चहाबरोबर काय माझं डोकं खाणार?"

मी केला. तीनला बाहेर काढला. अक्कांनी गरमच कापला, टोकाचा काप ताटलीत ठेवला, वर वाडगा पालथा घातला आणि ताटली खिडकीकडच्या खुर्चीसमोर ठेवली. त्या जाऊन पडल्या. मी बादली घेऊन मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले. काप खाणार नव्हते. आता कशासाठी खायचा?

साडेतीनला रिकामी बादली घेऊन आत आले, तर त्या खुर्चीत एक माणूस बसला होता.

पाठ माझ्याकडे. डोक्यावर केस नाहीत, मान बारीक, ताटलीवर वाकलेला. खिडकीतल्या उजेडामुळे बाकी काही दिसत नव्हतं. मी बादली आपटली नाही, खाली ठेवली. बारा वर्षांनी तो कसा दिसत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता, आणि त्या क्षणी मला पटलं की असाच. हाक मारावी असं वाटलं नाही. वाटलं, आवाज झाला तर उठून जाईल, आणि अक्का आत झोपल्यात.

मग त्याने कानामागे खाजवलं. कानामागे तीळ होता. तो तीळ मी सहा वर्षं बघत आले होते.

शनिवारी नवऱ्याचं ऑफिस दुपारी सुटे, पण बस बदलून घरी यायला साडेचार होत. त्या दिवशी ते रिक्षाने आले असावेत. काप खाऊन झाला होता. दोन बोटांनी ते बेदाणे ताटलीच्या काठावर लावत होते, मध्ये सारखं अंतर सोडून. एक घसरला, तो परत लावला. मग वाडगा पालथा घातला, अगदी आवाज न करता, आणि पुढच्या दाराने बाहेर गेले. मी मागच्या अंगणात जाऊन ओले कपडे काढून पुन्हा वाळत घातले.

चारला फाटकाची कडी वाजली. नवरा नुकताच आल्यासारखा आत आला. अक्का उठल्या आणि टेबलाशी येऊन त्यांनी वाडगा उचलला. काठावर सात बेदाणे. त्या ताटलीकडे बघत राहिल्या, मग मुलाच्या भादरलेल्या डोक्याकडे.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. "हात धू. चहा ठेवलाय."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अक्का गेल्या. त्यांच्या फोटोला पहिल्या दिवसापासून हार आहे. जुनं फाटक काढून सरकतं बसवलं, त्याला कडी नाही, तरी चारच्या सुमारास मी मान वर करते. नवऱ्याला बेदाणे आवडतात. डब्यातून मूठ मूठ भरून खातात, मी ओरडते. शनिवारी मात्र मी टोकाचा काप वाडग्याखाली ठेवते आणि मागच्या अंगणात जाते. आम्ही या गोष्टीबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. एकदा मी बेदाणे न घालता केक करून पाहिला. त्या दिवशी काप तसाच राहिला आणि नवरा रात्री जेवला नाही. तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

चारला मी वाडगा उचलते. बेदाणे ओळीत असतात. ते मी खाते, ताटली धुते आणि चहा ठेवते.