कूलरसमोरची जागा

काल कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पाणी सुरू करताच तो ओला, मातकट वास घरभर पसरला आणि मला ऊर्जानगरच्या प्रार्थनाघराबाहेरचं कडुलिंबाचं झाड आठवलं.

कॉलेजात असतानाच मी देव सोडला. आमच्या ख्रिस्ती घरात त्यावरून ताईशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. तरी दर रविवारी मीच तिला गाडीवर प्रार्थनेला न्यायचो आणि ती परत येईपर्यंत त्या झाडाखाली पेपर वाचत बसायचो.

मे महिन्यातल्या एका रविवारी वारा नुसता भाजत होता. आत गाणं चालू होतं. तेवढ्यात ताई डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली.

"एवढ्या उन्हात काऊन बसून राह्यला? आत चल."

"मी देव मानत नाई, ताई."

"नोको मानू. कूलरसमोर बस."

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. हात जोडायला कुणीच सांगितलं नाही. त्या गार वासात मला चक्क झोप लागली.

तेव्हा वाटलं, ताईनं डाव साधला, मला आत ओढलंच. आता वाटतं, माझ्यासाठी तिनं भर प्रार्थनेत तिच्या देवाला थांबवून ठेवलं होतं.