पॉपरचा अर्ज

मॅट्रिक होऊन मी ठाण्यात एका वकिलांकडे कारकून लागलो, तेव्हा इंग्रजी शब्दांचा मला भारी सोस होता. गरिबीच्या शब्दांचे तर मी दर्जेच लावले होते. पुअर म्हणजे ओढगस्तीतला, नीडी त्याच्या खालचा, डेस्टिट्यूट म्हणजे अन्नाला महाग आणि पॉपर म्हणजे ज्याची गरिबी कोर्टाने मान्य केली असा. या शेवटच्या माणसाला दाव्याचा स्टॅम्प माफ होई. गरिबीलाही सरकारची मंजुरी लागते, याची मला मौज वाटे.

खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढणारी एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने दुसरी बायको करून हिला घराबाहेर काढलं होतं आणि हिच्या बापाने हिला दिलेलं भातशेतही बळकावलं होतं. स्टॅम्प माफ झाला तरच दावा उभा राहणार होता. तिच्या अर्जासाठी मी दोन दिवस घाम गाळला. अंगावरच्या लुगड्याखेरीज तिच्याजवळ काही नाही, हे एक वाक्य पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं. वकीलसाहेब खूश झाले. मी बाईचा अंगठा घेतला, तारीख सांगितली आणि तिची बोळवण केली.

तारखेला ती आली ती कोरं लुगडं नेसून, नाकात मोत्यांची नथ आणि गळ्यात सोन्याची ठुशी घालून. मी बघतच राहिलो. साहेबापुढे जायचं म्हणून आळीतल्या बायकांनी तिला सजवून धाडलं होतं. यात नवल कसलं? माझ्या अंगावरचा कोटसुद्धा चुलत्यांचा होता.

गोऱ्या साहेबाने अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं. शिरस्तेदारांनी मराठीत विचारलं, "हे दागिने कुणाचे?"

नवरा दाराशीच उभा होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "माजे."

अर्ज तिथेच नामंजूर झाला.

बाहेर व्हरांड्यात तिने नथ काढून पदराच्या गाठीला बांधली. "दादा, त्या कागदान काय लिवला व्हता?"

मी तिला अर्ज मराठीत सांगितला. तेव्हा पहिल्यांदाच. सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मंग आदी सांगाचा व्हता ना, दादा. मी हाय तशीच आले असते."