मायव्वाचं रेशनकार्ड

निपाणीजवळच्या त्या गावात मायव्वाला ओळखत नाही असं पोर न्हाय. जन्माला आली मायाप्पा म्हणून. सतराव्या वर्षी अंगात देवी आली, घरच्यांनी सौंदत्तीला नेऊन यल्लम्माचे मोती गळ्यात बांधले, लुगडं नेसवलं, आणि तेव्हापासून ती जोगतीण मायव्वा. गावाला हे पटायला एक दिवस लागला. सरकारला बारा वर्षं झाली तरी पटेना.

धाकट्या भावाच्या, मष्णूच्या रेशनकार्डावर ती अजून मायाप्पाच, तोही पुरुष. दुकानात त्या नावानं पुकारा झाला की लुगड्यातली ही उठायची आणि रांग फिदीफिदी हसायची. तिला एवढंच हवं होतं, स्वतःचं कार्ड, त्यावर मायव्वा, आणि पुढं बाई.

कचेरीतला सत्याप्पा कारकून दर मंगळवारी ती जोगवा मागायला दारात आली की तिच्या पाया पडायचा, आई म्हणायचा. टेबलामागं बसला की तोच म्हणायचा, "मायाप्पा, डॉक्टरचा दाखला आण." बेळगावच्या डॉक्टरनं तपासून पुरुष लिहिलं. टिळकवाडीचे वकील भले गृहस्थ, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "बाई, तुमच्यासाठी कायद्यात कलमच नाही." तीन वर्षं नुसत्या चपला झिजल्या. काय म्हणावं या कारभाराला!

शेवटी चौऱ्याऐंशी साली सत्याप्पाला दया आली. "आई, एक वाट हाय. मायाप्पा मेला म्हणून नोंद करा. मग मायव्वाच्या नावानं नवा अर्ज."

मायव्वाला यात खोटं काही वाटलंच न्हाय. मोती बांधले त्या दिवशी आईनं मायाप्पासाठी रडून घेतलं होतं, बाराव्याचं जेवणसुद्धा घातलं होतं. एरवी कामाला चालढकल करणाऱ्या मष्णूनं चार दिवसांत पंचांचे अंगठे घेतले आणि नोंद करून आणली.

नव्या अर्जावर तिनं बाई लिहून घेतलं आणि हौसेनं कचेरी गाठली. सत्याप्पाची बदली झालेली. नवा कारकून म्हणाला, "मायव्वाच्या जन्माचा दाखला?"

"मायाप्पाचा हाय की."

"तो मेलाय."

"अवो, मीच ती मायाप्पा."

"मग जित्या माणसाची मरणाची नोंद केली म्हणून पोलिसात देऊ?"

ती तशीच एसटीनं परतली. मष्णू अंगणात वैरण तोडत होता. "माझं नाव परत घाल रं तुझ्या कार्डावर," ती म्हणाली. "मायाप्पा तर मायाप्पा."

मष्णूनं मान वर केली न्हाय. "आता कसं जमंल, आक्का? मायाप्पाच्या वाटणीची जमीनबी माझ्या नावावर चढली."

भावानं जन्मात पहिल्यांदा तिला आक्का म्हटलं. या हाकेसाठी ती बारा वर्षं झुरली होती, आणि आता तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.