जिलानी डब्यात बसला

लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात जिलानीचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, पण तो दुकानात दिसायचा नाही. आत वायरची भेंडोळी आणि जुने डायनॅमो. स्वतः जिलानी समोर रस्त्याच्या कडेला, उन्हात. तिथंही धड बसायचा नाही. जीपखाली शिरायचा, अर्ध्यातून बाहेर यायचा, वर बघायचा, पुन्हा शिरायचा. कुणी आत बसून काम कर म्हटलं की म्हणायचा, "हितं बरं हाय. उजेड मिळतो."

भूकंपाआधी तो असा नव्हता. किल्लारीकडची गावं पडली तेव्हा तो जनरेटर आणि हॅलोजनचे दिवे घेऊन तिकडं गेला होता. ढिगाऱ्यातून माणसं काढायला उजेड पाहिजे होता. एका उभ्या राहिलेल्या भिंतीच्या आडोशाला तो वायर जोडत होता, तेवढ्यात जमीन पुन्हा हलली आणि भिंत अंगावर आली. लोकांनी ओढून काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, ते जुळलं. पण तेव्हापासून छताखाली गेलं की छातीत काहीतरी पळत सुटायचं. घर सिमेंटचं, पक्कं. तरी तो अंगणात बाजेवर झोपायचा. पावसात वरून ताडपत्री ताणायचा. त्याची बायको सालेहा आधी काही बोलली नाही. मग बोलायला लागली.

पुढं थोरली पोरगी उजमा दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली. त्या काळात लातुरात क्लासचं पीक आलं होतं. नांदेड-परभणीची पोरं खोल्या करून राहत होती, जिथं जागा मिळेल तिथं मजल्यावर मजला चढत होता. उजमाला हव्या त्या क्लासला तिसरा मजला होता आणि अरुंद जिना. जिलानी इमारत बघायला गेला. जिन्यापाशी उभा राहिला आणि तसाच परत आला.

"दुसरा क्लास बघू," तो घरी म्हणाला. "खालच्या मजल्यावरचा."

"खालच्या मजल्यावर दुकानं असतात," सालेहा म्हणाली. "ह्या आठवड्यात जागा भरतील. हाव म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. नुसत्या येरझारा घालू नका."

उजमानं क्लासचा फॉर्म घडी करून दप्तरात ठेवला. ते त्याला जास्त लागलं.

अशात नांदेडहून लिंबाजीचा फोन शेजारच्या बूथवर आला. लिंबाजी जीपचा ड्रायव्हर. मदतकार्यात दोघांची ओळख झालेली. आता तो नांदेडच्या एका संस्थेच्या डोळे तपासणीच्या शिबिरांना जायचा. जीपच्या मागं दोन चाकांचा एक पत्र्याचा डबा जोडलेला असायचा. आत बाकडं, बिछाना, पाण्याची टाकी, दिवे. भूकंपात बाहेरून आलेले डॉक्टर त्यात राहिले होते आणि जाताना इथंच सोडून गेले होते.

"जिलानीभाई, डब्याचे दिवे पिसाळल्यात," लिंबाजी म्हणाला. "ब्रेक मारला की इंडिकेटर मंद होतो, खड्डा आला की समदंच जातं. परवा एक ट्रक मागून जवळजवळ घुसलाच होता. हितल्या दोघांना दाखवलं. उभ्या गाडीत काहीच सापडत न्हाई."

जिलानीनं करंट तपासायचा टेस्ट लॅम्प आणि पाने पिशवीत टाकले आणि मिळेल ती एसटी धरली. सालेहाला एवढंच कळलं, की हा पुन्हा पळाला.

नांदेडला त्यानं जीप आणि डबा जोडणारा सॉकेट उघडला. पिना हिरव्या पडलेल्या. त्यानं त्या घासून चकचकीत केल्या, दिवे लावून बघितले. सगळे लख्ख. पण शिबिर इस्लापूरला होतं, आणि लिंबाजी त्याला सोडेना. "चालत्या गाडीत बघितल्याशिवाय मी सही मानत न्हाई," तो म्हणाला.

भोकर मागं पडेपर्यंत ठीक चाललं. हिमायतनगरच्या अलीकडं रस्ता उखडलेला होता. जीपमध्ये बसलेला जिलानी मागं वळून बघत होता. डब्याच्या कडेचे दिवे एकदा फडफडले आणि गेले. लिंबाजीनं गाडी बाजूला घेतली. जिलानी उतरून मागं पोचेपर्यंत दिवे पुन्हा आलेले.

तो डब्याभोवती दोन-तीनदा फिरला. दिवे सगळे एकदम जातात, म्हणजे बल्बचा दोष नाही. एका दिव्याचा करंट दुसऱ्यात शिरतो, म्हणजे परतीची वाट बंद आहे. म्हणजे अर्थिंगचा घोळ. करंटला परत जायला नीट वायर मिळत नाही, म्हणून तो जीपला डबा अडकवलेल्या हुकाच्या लोखंडातून कसाबसा जातो, आणि धक्क्यानं हूक सैल झाला की तेही तुटतं. अर्थिंगची वायर डब्याच्या सांगाड्याला कुठं आवळलीय ते शोधायला हवं होतं. वायर तळातून आत शिरत होती, बिछान्याखाली. आणि दोष फक्त गाडी चालत असतानाच दिसणार होता.

"कुणीतरी आत बसाया पाहिजे," जिलानी म्हणाला आणि लिंबाजीकडं बघितलं.

"मी बसलो तर गाडी कोण चालवल?"

शिबिराची नर्स सिंधु जीपमधून उतरली होती. "मी बसते," ती म्हणाली. "पण मला त्या दिव्यातलं काय कळणार?"

जिलानी पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. रस्त्यावर जाऊन आला. मग वाकून डब्यात शिरला. सिंधु मागोमाग चढली आणि दार लावून घेतलं.

गाडी निघाली तसा डबा डुलायला लागला. कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. जिलानी बिछान्याखाली पालथा होता. पाठीवर बिछान्याची फळी, चारही बाजूंनी पत्रा. अंगाखालची जमीन हलत होती. त्यानं हातातला टेस्ट लॅम्प खाली ठेवून दिला.

"भाई, पत्रा वाजवू का? लिंबाजी थांबवतील," सिंधुनं विचारलं.

तिनं वाकून बघितलं. तो डोळे मिटून, एका हातानं बिछान्याचा पाय धरून पडला होता.

"भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तीन पावसाळे," सिंधु सावकाश म्हणाली. "किल्लारीच्या बाजूचं गाव आमचं. वारं सुटलं की पत्रे असेच वाजायचे. आई म्हणायची, वाजतंय म्हणजे उभं हाय."

जिलानीनं डोळे उघडले. "वाजवू का?" तिनं पुन्हा विचारलं.

"नको. बघून राहिलो."

त्यानं लॅम्पचा चिमटा जीपकडून आलेल्या चालू वायरला लावला आणि टोक सांगाड्यावर अर्थिंगची वायर आवळलेल्या बोल्टला टेकवलं. लॅम्प पेटला. खड्डा आला, लॅम्प विझून पुन्हा पेटला. दुसरा खड्डा, पुन्हा तेच. बोल्ट रंगावरूनच आवळला होता, आणि रंगाखाली गंज. बोटानं दाबला तर फिरला.

"आता वाजवा," तो म्हणाला.

गाडी थांबल्यावरही तो लगेच बाहेर आला नाही. तिथंच पालथं पडून त्यानं रंग खरवडला, लोखंड पांढरं केलं, बोल्ट बदलला, आणि तिथून सॉकेटपर्यंत जाड वायर वेगळी ओढली. बाहेर आला तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. लिंबाजीनं पाण्याची बाटली दिली. इस्लापूरपर्यंत दिवे गेले नाहीत.

तो लातूरला परत आला तेव्हा उजमा अंगणात कपडे वाळत घालत होती. "चल," तो म्हणाला, "क्लास दाखव मला."

तो तिच्यामागून जिना चढला, भिंतीला हात लावत. तिसऱ्या मजल्यावर खिडक्या बघितल्या, दाराची रुंदी बघितली, आणि क्लासच्या सरांना म्हणाला, "पोरीला दारापाशी बसवा. बाकी माझं काही म्हणणं न्हाई."

म्हणणं नव्हतं, पण चैनही नव्हती. रोज तो क्लासच्या वेळेला खाली येऊन फेऱ्या मारायचा, वरच्या खिडक्यांकडं बघत. तिथं मुलींना न्यायला रिक्षा थांबायच्या. एकदा एका रिक्षावाल्याचा हेडलाइट लागेना, जिलानीनं लावून दिला. मग दुसरा आला, मग दुचाकीवाले. वर्षभरात गोलाईमागच्या दुकानातलं बरंचसं सामान त्या इमारतीसमोर आलं.

उजमा पुढं नर्सिंगला नांदेडला गेली. होस्टेलची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिलानी तिला सोडायला गेला, सामान वर नेऊन ठेवलं आणि घाईघाईनं खाली उतरला. तो अजून अंगणातच झोपतो. सालेहानं तिथं पंखा टांगायला खांब रोवून दिलाय.