गाडीला केलेलं काज

एक्झॉस्टच्या कामात नळीभाऊंचा हात धरेल असा मेकॅनिक त्या भागात नव्हता. गळ्यात कायम हातभर लांबीची रबरी नळी. तिचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनाभोवती फिरवायचं आणि धूर नेमका कुठल्या फटीतून निसटतोय ते हुडकायचं, ही त्यांची पद्धत. त्यांचं खरं नाव फक्त आईच्या लक्षात होतं, आणि तेही तिला राग आल्यावरच आठवायचं.

गळतीशी भाऊंचं वैर होतं. कुठेही फुस्स ऐकू आलं की हा माणूस बसल्या जागी चुळबुळायला लागायचा. तरुणपणी एकदा पँट शिवायला म्हणून ते एका शिवणकाम करणाऱ्या मुलीकडे गेले. ती कमरेचं माप घेत होती आणि कोपऱ्यातल्या वाफेच्या इस्त्रीचा पाइप सांध्यात फुसफुसत होता. भाऊ कमरेला टेप तसाच लोंबकळत ठेवून इस्त्रीकडे चालते झाले, बोट भाजून घेतलं, सांधा घट्ट केला आणि पँटचं विसरून घरी गेले. मुलीने पँट अंदाजाने शिवली. ती आखूड झाली म्हणून परत जावं लागलं, मग कमरेत सैल झाली म्हणून परत जावं लागलं, आणि असं करता करता दोघांचं लग्न झालं. ती पुढे सगळ्या गिऱ्हाइकांची वहिनी झाली. पुढच्या खोलीत वहिनींचं शिलाई मशीन, मागे भाऊंचं गॅरेज आणि मधल्या दारात खुर्ची टाकून भाऊंची आई बसलेली, दोन्हीकडच्या कामात खोट काढायला मोकळी.

तर या गॅरेजात एका सकाळी टाइल्सवाला आला. त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं, पण जीव सगळा गाड्यांच्या शर्यतीत. सहा सिलिंडरची पिवळी गाडी, इतकी बुटकी की त्याला आत बसताना आधी पाय घालावे लागत आणि मग उरलेला टाइल्सवाला हप्त्याहप्त्याने आत ढकलावा लागे. बोलायचा मात्र असा, की गाडी पलीकडच्या गल्लीत उभी असावी आणि तिला हाक मारायची असावी.

"भाऊ, बाकीचे म्हणतात गाडी टकटक करते," तो ओरडला. "इंजिन जाईल म्हणतात. बघा जरा."

भाऊंनी इंजिन थंडच चालू करायला लावलं. टक टक टक टक. जसजसं तापत गेलं तसतशी टकटक मंद होत गेली. भाऊंना नळी लावायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी रीत म्हणून लावली. "हेडरचं गॅस्केट गेलंय," ते म्हणाले. "थंड असताना फट मोठी असते. धातू तापून फुगला की दाबली जाते. पाच नंबरच्या तोंडाशी आहे."

सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या सहा वाकड्या पाइपांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. हे जुडगं इंजिनाला जिथे चिकटतं तिथली सपाट पट्टी धुराच्या उष्णतेने तापून बाकदार झाली होती. मधलं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली फट बुजवणारी पातळ पट्टी, एका जागी जळून काळं पडलं होतं. एक बोल्ट आतच तुटला होता. भाऊंनी त्याच्या थोटकावर नट वेल्ड करून तो उपटून काढला, जसा हट्टी दात काढावा. पट्टी घासून सपाट केली. पोलादी पदरांचं नवं गॅस्केट घातलं. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. इंजिन तापवलं, पूर्ण गार होऊ दिलं, पुन्हा आवळले. जुडग्याचं ओझं बोल्टांवर लोंबकळू नये म्हणून खालून आधाराची एक पट्टीही ठोकली. मग गाडी चालू केली. शेजारच्या खोलीत कोणी रेशीम फाडत असावं, तसा आवाज आला. बाकी काही नाही.

भाऊंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आई म्हणाली, "आता हे आठवडाभर हेच सांगत बसणार."

पुढच्या शर्यतीत पिवळी गाडी पहिल्याच वळणावर ट्रॅक सोडून टायरांच्या ढिगात घुसली. टाइल्सवाल्याला काही झालं नाही, गाडीचं नाक तेवढं चेपलं. दुसऱ्याच दिवशी तो गॅरेजात हजर.

"भाऊ, माझी टकटक परत द्या."

भाऊंना वाटलं चेष्टा आहे. "दुसरं काही बिघडलं असेल तर सांग."

"काही बिघडलं नाही. सगळं नीट चाललंय. तेच तर होतंय ना. गाडी मला काही सांगतच नाही. पहिल्यासारखी लीक करा."

भाऊंनी पाना खाली ठेवला. आयुष्यात त्यांना कोणी एवढं लागट बोललं नव्हतं. "माझ्या गॅरेजातून गळकी गाडी बाहेर जाणार नाही," ते म्हणाले आणि गाडी उचलायच्या लिफ्टखाली जाऊन बसले. लिफ्टवर त्या वेळी गाडी नव्हती, त्यामुळे ते तिथे का बसले हे कोणालाच कळलं नाही.

टाइल्सवाला हिरमुसून पुढच्या खोलीत आला. वहिनी त्याच्या पाठीमागे कापड मापत होत्या. "चहा घेता का?" त्यांनी विचारलं. तो गप्प. "चहा," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या. तो भिंतीकडे बघत राहिला. वहिनींनी कात्री मुद्दाम फरशीवर टाकली. तो वळला आणि म्हणाला, "हां, हे ऐकू आलं."

मग हळूहळू बाहेर आलं. वर्षानुवर्षं फरशा कापायच्या मशीनशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. सलग, घुमणारे आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. कडक, टोकदार तेवढे पोहोचत. हेल्मेट घातलं की इंजिन त्याच्यासाठी बंदच. फक्त ती टकटक ऐकू यायची, आणि ती किती भराभर होतेय यावरून तो गिअर बदलायचा.

"डॅशबोर्डवर काटा असतो की," वहिनी म्हणाल्या.

"काट्याकडे बघितलं की वळण दिसत नाही. परवा काट्याकडेच बघत होतो."

"मग डॉक्टरकडे जा. कानाचं यंत्र मिळतं."

"यंत्र म्हाताऱ्यांना लागतं," टाइल्सवाला म्हणाला. त्याचं वय तसं बऱ्यापैकी झालं होतं. आईने खुर्चीतून त्याच्याकडे एकदा खालून वर पाहिलं.

वहिनींनी हे सगळं भाऊंना सांगितलं. भाऊ लिफ्टखालून बाहेर आले. गळती म्हणून नव्हे तर गरजवंताची सोय म्हणून करायला ते तयार झाले, पण हात ऐकेना. एक बोल्ट ढिला करायचा ठरवून ते वाकायचे आणि सरळ व्हायचे तेव्हा बोल्ट आणखीच घट्ट झालेला असायचा. पाना वहिनींनी काढून घेतला. मग गॅस्केटला बारीक चीर दिली, तर दोन-चारदा इंजिन चालवताच काजळी साचून ती चीर आपोआप बुजली. भाऊंना आतून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी चीर मोठी केली. तिच्या कडा जळून फाटत गेल्या आणि टकटकीचा नुसता भपकारा झाला.

वहिनी हे सगळं सुई तोंडात धरून बघत होत्या. "हे काज आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसतं कापलं तर उसवणारच. कडा बांधायला नकोत का?"

त्यांनी नवं गॅस्केट मशीनवर ठेवलं. पाच नंबरच्या वर, गाडीत बसणाऱ्यापासून लांबच्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढी खाच कोरली आणि तिच्या कडेला तांब्याचा पातळ पत्रा दुमडून घट्ट बसवला. भाऊंनी खाचेवर एक छोटी तोटी लावली, म्हणजे धूर आत न शिरता सरळ बाहेर जाईल, आणि जवळच्या वायरींवर उष्णता अडवणारं कापड गुंडाळलं. बाकी सगळे सांधे त्यांनी इतके जिवापाड बंद केले की त्यातून शंका जायचीही सोय राहिली नाही.

मग आवाज जुळवायचा खटाटोप सुरू झाला. टाइल्सवाला हेल्मेट घालून, डोळे मिटून गाडीजवळ उभा राहायचा. पहिल्या काजावर त्याने मान हलवली. "हा कोणीतरी दुसराच आहे." दुसरं काज जरा अरुंद केलं होतं. ते ऐकून आई खुर्चीतून उठली. "हे अगदी यांच्यासारखं झालं," ती म्हणाली. भाऊंचे वडील चहा मागायच्या आधी असंच घसा खाकरायचे. टाइल्सवाल्याला तो आवाज मान्य नव्हता, पण आई ते गॅस्केट काढू देईना. ते दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला लावून आपल्याला अधूनमधून ऐकवावं, अशी तिची मागणी होती. बऱ्याच विनवण्यांनंतर गॅस्केट तिच्या ताब्यात दिलं, तेव्हा काम पुढे सरकलं.

तिसऱ्या काजाला टाइल्सवाल्याने हेल्मेटची काच वर केली. "आली," एवढंच म्हणाला आणि भाऊंचा काळा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

शर्यतीआधी गाड्या तपासायला एक तपासनीस असायचे. त्यांनी पिवळी गाडी ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गॅस्केट लीक आहे. दुरुस्त करून आणा."

"दुरुस्त केलेलंच आहे," भाऊ म्हणाले.

"मग टकटक कसली?"

"ती केलेली आहे. गळलेली नाही."

तपासनीसांनी साबणाचं पाणी मागवलं. सांध्यासांध्यावर ते शिंपडलं. कुठे एक बुडबुडा नाही. तोटीतून मात्र ऐटीत फुगे निघत होते. ते बराच वेळ फुग्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"आमच्या मंडळींनी. त्या टेलर आहेत."

तपासनीसांच्या नियमांत टेलरविषयी काहीच नव्हतं, त्यामुळे गाडी पास झाली. टाइल्सवाला त्या दिवशी चौथा आला. तो पहिला आल्यासारखा नाचला आणि वहिनींकडे त्याने दुकानातल्या सगळ्या कामगारांचे कपडे शिवायला टाकले. मग आणखी दोघेतिघे हौशी गाडीवाले काज करून मागायला आले. वहिनींनी त्यांना आधी पाठमोरं उभं करून चहा विचारला. सगळ्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांना चहा पाजून परत पाठवण्यात आलं.

पुढे टाइल्सवाल्याला नात झाली. ती काय बडबडते ते कळेना म्हणून तो मुकाट्याने डॉक्टरकडे गेला आणि दोन्ही कानांत यंत्रं लावून आला. गॅरेजात येऊन त्याने स्वतःची गाडी चालू केली आणि घाबरून लगेच बंद केली. "भाऊ, ही एवढी बोंबलते? आणि ही टकटक कसली डोकं उठवणारी? बंद करा आधी."

भाऊंनी काज बंद केलं. नवं, अखंड गॅस्केट घातलं, मधल्यापासून बाहेरच्या बाजूला बोल्ट आवळले. वहिनींनी काढलेलं गॅस्केट उजेडात धरून निरखलं. तांब्याची कड कुठेही सुटलेली नव्हती. "एवढं सरळ काज पुन्हा व्हायचं नाही," त्या म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.

आता भाऊ, वहिनी आणि आई शर्यती बघायला जाऊ लागले. टाइल्सवाला हल्ली शेवटच्याच काही गाड्यांत असतो, पण त्याची तक्रार नाही. गेल्या खेपेला तो ऐन शर्यतीत तिसऱ्या वळणावर थांबला. वळणावर झेंडा घेऊन उभी असणारी माणसं त्याने इतकी वर्षं पाहिली होती आणि ती काहीतरी चघळत असतात, अशी त्याची समजूत होती. हेल्मेटच्या आतही कानांत यंत्रं असल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला ऐकू आलं की ती माणसं ओरडत असतात. त्याने गाडीची काच खाली करून झेंडेवाल्याला विचारलं, "मला काही म्हणालात?"

"म्हटलं, पुढे जा," झेंडेवाला म्हणाला.

"इतकी वर्षं हेच म्हणत होतात?"

"नाही. आधी जरा वेगळं म्हणायचो."

टाइल्सवाल्याने ती शिवी कोणती होती तेही विचारून घेतलं, मान डोलावली आणि मग सावकाश गिअर टाकला.