कंबरेवरचा हात

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला तर नाहीच — तिला सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळली असती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखत असता तर सांगितली असती का? नाही. आणि आत्ता सांगतानाही माझा गळा वगैरे काही दाटून आलेला नाही. यायला पाहिजे होता, एवढं कळतं.

मी फिजिओथेरपिस्ट. यवतमाळला माझं छोटं क्लिनिक आहे — गुडघे, मान, लकवा, जे येईल ते. पण हे शिकत होते तेव्हाचं आहे. शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असतो. माझा विषय होता, धडधाकट माणसाची मांडी खुब्यातून मागे किती जाते. हसू नका. आमच्या सरांचं म्हणणं होतं, पुस्तकातली मापं परदेशातल्या माणसांची. आपली माणसं मांडी घालून, उकिडवी बसणारी, त्यांचं माप वेगळं निघेल. बरोबरच होतं त्यांचं.

मापायची रीत सोपी. माणसाला पालथं झोपवायचं, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलायला सांगायचं आणि मांडी किती अंश गेली ते कोनमापकावर वाचायचं. मेख एकच. खुबा आखडलेला असला की शरीर लबाडी करतं — कंबर वाकवतं, आणि पाय वर गेल्यासारखा दिसतो. म्हणून एका हाताने कंबरेखालचं रुंद हाड, आम्ही त्याला पेल्विस म्हणतो, ते दाबून धरायचं. तो हात ढिला पडला की माप गेलं. पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

धडधाकट माणसं आणायची कुठून? माझे मामा बोरी अरबला राहतात. तिथल्या शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी रोज पळायची. त्यांच्याहून धडधाकट कोण? शाळेने एक खोली उघडून दिली, एक लांब टेबल दिलं, मी वर सतरंजी टाकली.

शीतल त्या पोरींतली. कॉलेजात होती. तिचे वडील गजाननभाऊ, त्यांची आटाचक्की. चक्की सुरू करायच्या आधी ते तिला मोटरसायकलवर मैदानात आणायचे आणि ती पळत असताना एकटेच कडेला उभे राहून टाळ्या वाजवायचे. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. त्यांना काही फरक पडायचा नाही.

शीतल पालथी झोपली. डावा पाय छान गेला. उजवा — जाईचना. मी कंबर दाबून धरली तर मांडी टेबलावरून जेमतेम सुटत होती. दुखतं का, विचारलं. "जांघेत थोडं ओढल्यावानी होते, मॅडम. पळून पळून झालं असन." तोंड सतरंजीत होतं, चेहरा दिसला नाही. पण पायाची बोटं तिने गच्च आवळली होती. ती दिसली मला.

काय करायला हवं होतं? तिचं माप बाजूला ठेवायचं आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. एवढंच ना? पण तिला वगळलं तर दुसरी शोधा, परत बोरीला या. त्या दिवशीची ती शेवटची होती, बसची वेळ झाली होती, आणि मला — कंटाळा आला होता. हो, कंटाळा. भीती नाही, लोभ नाही, कुणाचा दबाव नाही. लोकांकडे निदान सांगायला मोठं कारण तरी असतं.

मी कंबरेवरचा हात उचलला. कंबर वाकली, पाय वर गेला, माप डाव्याच्या जवळपास आलं. तेच लिहिलं.

उतरताना तिने विचारलं, "मी फिट आहो ना?" बाहेर गजाननभाऊ थांबले होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, एकदम फिट. त्यांचा जीव भांड्यात पडला. मला बस मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली.

पुढचं मामीकडून कळत गेलं. शीतल पळत राहिली. काही आठवड्यांनी घरी जाताना गिट्टीवर मोटरसायकल घसरली. बापलेक दोघंही पडले, खरचटलं, उठले. त्यानंतर पाय दुखायला लागला — म्हणजे सगळे म्हणतात, त्यानंतर. नागपूरला नेलं तोवर खुब्याचा गोळा आतून खचला होता. त्याला रक्तच पुरत नव्हतं. हे आधीपासूनही चाललेलं असू शकतं, मार लागूनही होतं. डॉक्टरांनी विचारलं, पडायच्या आधी काही त्रास होता का? घरचे म्हणाले, नाही जी, मॅडमने मापून पाह्यला होता, चांगला होता पाय.

आता बोला! माझ्या एका खोट्या मापाने ठरवून टाकलं की दोष मोटरसायकलचा. आधी कळलं असतं, पळणं थांबलं असतं, तर सांधा वाचला असता? कदाचित. कदाचित नसताही. या 'कदाचित'च्या आड मी फार दिवस लपून बसले. शीतलचा सांधा बदलावा लागला. भरती गेली. आता दारव्ह्याला झेरॉक्सच्या दुकानात बसते, जराशी लंगडते. माझा प्रोजेक्ट सरांना आवडला होता.

गजाननभाऊंनी मोटरसायकल विकून टाकली. मामी सांगते, घरात भांडण निघालं की बायको अजून तेच काढते — पोरीला पाडणारा बाप. ते मूग गिळून बसतात. मीही बसले, इकडे यवतमाळात.

एवढंच असतं तरी कदाचित मी बोलले नसते. पण या हिवाळ्यात ते माझ्याकडे आले. गुडघे दुखतात म्हणून, बोरीहून एसटीने. ओळखलं मला, हात जोडले. मी त्यांच्या गुडघ्याला शेक देत होते. आत आम्ही दोघंच. छताकडे बघत ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तुमी मापला तवा तिचा पाय खरंच बरोबर होता ना? का मी उगाच..."

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला लख्ख कळलं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. इतक्या वर्षांनी तो माणूस सुटला असता. आणि मी काय म्हणाले?

"हो भाऊ. बरोबर होता."

"मंग मीच," ते म्हणाले. "मंग मीच पाडलं तिले." आणि डोळे मिटून घेतले. मी शेकाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

मला लाज वाटते का? वाटत असावी. पण त्या रात्री मी जेवले, भांडी आवरली आणि मला झोप लागली. शांत झोप लागली.

मंगळवारी ते परत येणार आहेत. तुम्हाला सांगितलं तसं त्यांना सांगेन, असं मला वाटत नाही.