अर्धी गोळी जास्तीची

आमची मांजर कुणालाच हात लावू देत नसे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा दवाखान्यात दोघांना ओरबाडून ती टेबलाखाली जाऊन बसली. डॉक्टरबाईंनी मला एक गुंगीची गोळी दिली. "उद्या निघायच्या दोन तास आधी द्या. मग जखम साफ करू."

दुसऱ्या दिवशी सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरात मी आणि सासूबाई दोघीच होतो; नवरा कामावर गेला होता. गोळी मी सायीत कालवून दिली. दीड तास झाला तरी मांजर झोकांड्या खात फिरतच होती. टोपली पुढे केली की गुरगुरायची. दवाखाना एक वाजता बंद होणार होता.

मला धुळीची ॲलर्जी आहे. त्यावरची साधी गोळी घेतली की मला दिवसभर पेंग येते. तिचा अर्धा तुकडा पाण्यात विरघळवून मी ड्रॉपरने मांजरीच्या तोंडात सोडला. आधी फोन करून विचारावं, असं मनात आलं होतं. केला नाही.

थोड्या वेळाने ती फरशीवर आडवी झाली. उचलली तर मान लोंबली. डोळ्यांवर पांढरट पडदा आलेला, पंजे गार. एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत माझाच अडकायचा.

सासूबाईंना ती कधीच आवडली नव्हती. स्वयंपाकघरात शिरली की हाकलायच्या. त्या दारात आल्या. "काऊन अशी पडून राह्यली वं ते?"

मी काय केलं ते सांगितलं. त्या खाली बसल्या, तिला मांडीवर घेऊन पदरात गुंडाळलं. "तू फोन लाव. मी पाह्यतो इचा श्वास."

डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "माझ्या गोळीशिवाय आणखी काय दिलं?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण सांगितलं.

"ते पाकीट घेऊन लगेच या. तोंडात पाणीसुद्धा घालू नका. मान सरळ ठेवा, ऊब द्या."

ऑटोत सासूबाई पदराआड डोकावत राहिल्या. "घेतला," म्हणायच्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "घेतला."

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, सलाईन दिलं. पाकीट वाचून डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझी गोळी तिच्या वजनावर ठरवली होती. तुमचीही गुंगीचीच, दोन्हींचा परिणाम एकत्र झाला. यात तापाचं औषध मिसळलेलं असतं, तर मांजराला ते विषच. नाव न वाचता दिलीत ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

दवाखाना बंद करून डॉक्टरबाई आमच्यासाठी थांबल्या. चारच्या सुमारास मांजरीने डोकं उचललं आणि डॉक्टरबाईंवर फिसकारली. जखम त्या दिवशी तशीच राहिली. चार दिवसांनी, त्यांच्या देखरेखीखाली साफ झाली.

परतताना टोपली सासूबाईंच्या मांडीवर होती. "त्याले काई सांगू नको," त्या म्हणाल्या. "मीही नाई सांगत."

नवरा हिंगणघाटहून कामावरून आला, तेव्हा त्याने चपला काढायच्या आधीच मी त्याला सगळं सांगितलं.